आतड्याचा टीबी की क्रोन्स: पेपर रिव्ह्यूला न जाताच परत आला, दोष कुठे?

प्रश्न (गॅस्ट्रो_रेसिडेंट)
थीसिसमधून पेपर लिहिलाय. जुन्या नोंदींतले आतड्याच्या टीबीचे ३८ आणि क्रोन्सचे (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा, टीबीसारखाच दिसणारा आजार) २६ रुग्ण. क्रोन्सच्या एकाही बायोप्सीत केसिएशन (पेशी मरून चीजसारखा झालेला भाग) नाही, म्हणून केसिएशनवरून टीबी ओळखण्याची स्पेसिफिसिटी (टीबी नसलेल्यांत खूण न दिसण्याचं प्रमाण) १०० टक्के दिली. संपादकांनी ‘पद्धतीत मूलभूत दोष’ म्हणून परत केला. काय चुकलं? ‘तीन दिवसांत स्वीकृती’ असा ईमेल आलेल्या जर्नलला पाठवावा का?

स्लाइडवाला
टीबी ठरवताना केसिएशन हाच निकष धरला होता ना? मग ज्याच्यात केसिएशन दिसलं तो आधीच टीबीच्या गटात गेला. क्रोन्सच्या गटात ते उरणार कुठून? तुमचे १०० टक्के व्याख्येतून आलेत, रुग्णांतून नाही.

निदान केसिएशन सोडून ठरवा: कल्चर किंवा जीनएक्सपर्ट (टीबीच्या जंतूची जनुकीय तपासणी) पॉझिटिव्ह, नाहीतर टीबीच्या ६ महिन्यांच्या औषधांनंतर पुन्हा केलेल्या कोलोनोस्कोपीत अल्सर भरलेले. ‘रुग्णाला बरं वाटलं’ एवढं पुरत नाही, कारण या औषधांवर क्रोन्सच्या काहींनाही बरं वाटतं, अल्सर मात्र राहतात. दुसरी स्कोपी न झालेले किती आणि वगळले का, ते आकृतीत दाखवा. स्ट्रोबच्या यादीत (निरीक्षणावरच्या अभ्यासात काय काय लिहावं त्याची यादी) हे आहेच.

स्लाइड दोन पॅथॉलॉजिस्टनी निदान न पाहता पुन्हा वाचाव्यात, आणि दोघांचं वाचन किती जुळतं त्याचा ‘कप्पा’ (kappa) हा आकडा द्यावा. मोठा ग्रॅन्युलोमा (सुजेतल्या पेशींचा गोळा) २०० मायक्रोमीटरपासून मोजायचा की ४००, दोन्ही वापरात आहेत. वाचायच्या आधी एक ठरवून लिहून ठेवा.

आकडेमोड
व्याख्या सुधारूनही २६ पैकी ० आलं, तरी ९५ टक्के विश्वासमर्यादा साधारण ८७ ते १०० येते. ती छापा, नुसते १०० नको. लॉजिस्टिक रिग्रेशनमध्ये (अनेक घटकांवरून टीबी की क्रोन्स याचा अंदाज बांधणारं गणित) लहान गट २६ चा, म्हणजे दोन, फार तर तीन घटक. आठ घातले तर मॉडेल याच रुग्णांना पाठ करेल, पुढच्या रुग्णाला चुकेल.

गॅस्ट्रो_रेसिडेंट
स्कोपीच्या फोटोंवर नाव आहे. पॉवरपॉइंटमध्ये क्रॉप केले तर चालेल ना, सर?

स्लाइडवाला
नाही. क्रॉप केलेला भाग फाइलमध्येच राहतो, ‘रीसेट पिक्चर अँड साइझ’ केलं की नाव परत दिसतं. काळी पट्टी तर नुसती वर ठेवलेली असते, सरकवली की झालं. फोटो एडिटरमध्ये कापून नवी टिफ फाइल करा. नाव, नोंदणी क्रमांक, तारीख, सगळं काढा.

आणि एथिक्स कमिटीची मंजुरी पाहा. थीसिसच्या प्रोटोकॉलमध्ये स्लाइड पुन्हा वाचणं नसेल, तर वाचायच्या आधी अमेंडमेंट (प्रोटोकॉलमधल्या बदलाची मंजुरी) घ्या. नंतर मागून मिळत नाही.

ग्रंथपाल_मेड
तीन दिवसांत दोन रिव्ह्यूअर पेपर नीट वाचू शकत नाहीत, तिथे पाठवू नका. ‘पबमेडमध्ये (वैद्यकीय लेख शोधायची साइट) आहोत’ या दाव्यावरही जाऊ नका. अनुदानाच्या अटीमुळे एखादा सुटा लेख पीएमसीत (पूर्ण लेखांचा मोफत साठा) जमा होतो आणि पबमेडमध्ये दिसतो, जर्नल मेडलाइनमध्ये (निवडून घेतलेल्या जर्नलांची सूची) नसलं तरी. एनएलएम (अमेरिकेची राष्ट्रीय वैद्यकीय लायब्ररी) कॅटलॉगमध्ये जर्नलचं नाव टाकून ‘करंटली इंडेक्स्ड’ शोधा. या विषयाला इंडियन जर्नल ऑफ गॅस्ट्रोएंटरोलॉजी अगदी जुळतं. तिथे ओपन ॲक्सेस निवडला नाही तर प्रकाशन शुल्क नाही.