जुने फोटो स्कॅन करताना काय काय सापडलं?

माळ्यावरची पत्र्याची ट्रंक एकदाची खाली काढली आणि सध्या आमच्याकडे रोज रात्री जेवणं झाली की स्कॅनर सुरू होतो. काकाकडे आग्फा क्लिक थ्री होता, बडोद्याला बनायचा तो. एका रोलमध्ये फक्त १२ फोटो, त्यामुळे 'अजून एक काढ' ही भानगडच नाही. बारशाचा एक, मुंजीचा एक, आणि रोल संपवायचा म्हणून गोठ्यातली म्हैस. मुंजीत बटूचे डोळे मिटलेत, म्हैस मात्र सुरेख आलीय. मी फोटोंची मागची बाजूही स्कॅन करतेय. स्टुडिओचा शिक्का, तारीख असं काहीबाही तिथे मिळतं. एकावर काकाच्या अक्षरात 'धोबी, ३ रु. बाकी' लिहिलंय. तुम्ही हा उद्योग केलाय का? काय सापडलं, कोण रुसलं, काही युक्त्या असतील तर त्याही, सगळं लिहा.

सांगलीहून

२०१९च्या पुरात आमचे अल्बम पाण्याखाली होते. पाणी ओसरल्यावर फोटोंचे नुसते गठ्ठे हाती आले. शेजाऱ्यांनी त्यांचे तसेच उन्हात ठेवले, ते कायमचे चिकटले. आम्हाला एका जुन्या फोटोग्राफरने वेळेवर सांगितलं, की सुटे करेपर्यंत ओलेच राहू द्या. बादलीत स्वच्छ गार पाणी घेऊन गठ्ठा त्यात सोडायचा, कडेने हळूहळू सुटायला लागतात. ओढायचं नाही आणि चित्राला बोट लावायचं नाही. सुटलेला फोटो टीपकागदावर उताणा वाळवायचा. ब्लॅक अँड व्हाइट बरेच वाचले, रंगीतमध्ये मात्र रंगाचा थरच कागदावरून सरकला. आईबाबांच्या लग्नात आता बाबा आहेत आणि आईच्या जागी पिवळा डाग. आई म्हणते, "नाहीतरी त्या दिवशी मला कोण विचारत होतं!"

नागपूरहून

चिकट पानं आणि वर प्लास्टिक, असे अल्बम असतील तर फोटो नखाने उचकटू नका. दात साफ करायचा फ्लॉस फोटोखाली सरकवून सावकाश मागेपुढे करा. नाहीच निघाला तर पानासकट स्कॅन करा, काही बिघडत नाही.

चिपळूणहून

आमच्या पणजीचा एकच फोटो आहे, तोही चुकून आलेला. आत्याआजीच्या लग्नात सगळे मांडवात ओळीने उभे आहेत आणि मागे माजघराच्या दारात अर्धी आत, अर्धी बाहेर पणजी. विधवा बाई, लग्नाच्या फोटोत तिला कोण उभी करणार? घरच्या छापील प्रतीत ती जेमतेम दिसायची. मी निगेटिव्ह स्कॅन करून तो कोपरा उजळला, तर चेहरा नीट दिसला. हातात ताट आहे, बहुधा अक्षतांचं.

भाच्याने उत्साहाने तो फोटो एका ॲपमधून रंगीत करून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. पणजीला मोरपंखी लुगडं! सगळ्यांनी बदाम पाठवले. आईने फोन करून भाच्याला झापलं, "लाल आलवण होतं ते. डोक्यावरून घेतलेलं. तिने जन्मभर तेच नेसलं, तू कोण मोरपंखी नेसवणारा?" तो बिचारा गोंधळला, आलवण म्हणजे विधवेने नेसायचं लाल लुगडं, हेच त्याला ठाऊक नव्हतं. मग आईने त्याला तासभर सांगितलं. त्यातलं निम्मं मीही पहिल्यांदाच ऐकत होते. रंगीत फोटो आता ग्रुपवरून काढलाय. मला विचाराल तर रंग भरणारी ही ॲपं जुन्या फोटोंपासून लांबच ठेवावीत.

साताऱ्याहून

माझा स्टुडिओ होता, तेव्हा जरा मास्तरकी करतो. ४ × ६ इंची प्रिंट ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके, स्कॅन केली की २४०० × ३६०० पिक्सेल मिळतात. घरगुती कामाला तेवढं पुरे. निगेटिव्ह असेल तर आधी ती करा, पण त्याला मागून उजेड देणारा स्कॅनर लागतो आणि आकडा २४००च्या पुढे ठेवायचा. जुने रंगीत फोटो तांबूस दिसतात कारण त्यातलं निळसर रंगद्रव्य आधी उडतं. ते स्कॅननंतर बरंच सावरता येतं. मूळ फाइल टिफमध्ये, म्हणजे दर्जा न घटवणाऱ्या प्रकारात ठेवा, कारागिरी कॉपीवर करा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो काचेसकटच स्कॅन करायचा.

आणि जुन्या फोटोत आजीचा चेहरा इतका तुळतुळीत कसा, याचं नवल करू नका. आम्ही निगेटिव्हवर पेन्सिल चालवून देवीचे व्रण बुजवायचो. मुलीचा दाखवायचा फोटो असला की गिऱ्हाईकच हळूच सांगायचं.

न्यू जर्सीहून

माझे स्कॅन कधीच झालेत, अडलंय नावांवर. रविवारी व्हिडिओ कॉलवर आई आणि मावशीला एकेक फोटो दाखवते आणि त्या सांगतील ते फाइलच्या नावात घालते. वाड्यातल्या हळदीकुंकवाच्या फोटोत टोकाला बसलेली बाई आईच्या मते इंदूरची काकू, मावशीच्या मते वरच्या मजल्यावरची भाडेकरीण. त्यावरून दोघी दोन दिवस बोलत नव्हत्या. मी फाइलचं नाव 'इंदूरची काकू किंवा भाडेकरीण' असं ठेवलं. मावशीला ते 'किंवा' मान्य नाही.