गॅसवरच्या विजेला 'स्वच्छ' का म्हणतात? कोळसा आणि अणुवीज यांच्याशी तुलना हवीय

धुरकट_चष्मा
नमस्कार मंडळी, बरेच दिवस हा प्रश्न डोक्यात घोळतोय. गॅसची वीज म्हणजे स्वच्छ वीज असं जिथेतिथे वाचायला मिळतं, पण गॅसही शेवटी जाळूनच वीज करतात ना, मग कोळशात न् त्याच्यात एवढा काय फरक? आणि कार्बनच नको असेल तर अणुवीज आहे की, तिथे काही जळतच नाही. जगात सगळ्यात जास्त अणुभट्ट्या अमेरिकेकडे आहेत, तरी इतकी वर्षं तिथे नव्या भट्ट्यांपेक्षा गॅसचेच प्लांट जास्त उभे राहिले. हा सगळा लॉबीचा खेळ समजायचा का? जाणकारांनी सोप्या भाषेत सांगा, मी इंजिनियर वगैरे नाही.

बाष्पवीर
आधी रसायन. गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन, एका कार्बनला चार हायड्रोजन, म्हणजे जळताना बरीचशी उष्णता हायड्रोजनकडून मिळते आणि त्याचं होतं पाणी. कोळशात जवळजवळ सगळी भिस्त कार्बनवर. वर राख, गंधक, पारा हे प्रकार गॅसमध्ये नसल्यात जमा. नायट्रोजन ऑक्साइड मात्र होतात, कारण हवाच तापते, ते पूर्ण टळत नाहीत.

पण अर्धी गंमत मशीनमध्ये आहे. कंबाईंड सायकल प्लांटमध्ये आधी गॅस टर्बाइन फिरते, तिच्यातून बाहेर पडणारी हवा सहाशे डिग्रीच्या आसपास असते, ती फुकट न सोडता तिच्यावर वाफ करून दुसरी टर्बाइन फिरवतात. त्यामुळे नवे प्लांट ६० टक्क्यांच्या वर कार्यक्षमता देतात, कोळशाचे जुने ३३-३८ मध्ये अडकलेत आणि एकदम भारी असले तरी ४५ च्या आसपास. म्हणून एका युनिटमागे कोळशाचा कार्बन डायऑक्साइड ९०० ते १००० ग्रॅम आणि चांगल्या गॅस प्लांटचा ३५० ते ४००. (अवांतर: अणुभट्टी उष्णतेचा फक्त तिसरा हिस्सा विजेत बदलते, पण युरेनियम इतकं थोडं लागतं की त्याचं कोणाला काही वाटत नाही.)

आता खरा मुद्दा, चालू-बंद करणं. कोळशाचं थंड युनिट चालू करायचं म्हणजे आधी तेलाचे बर्नर पेटवायचे, बॉयलर हळूहळू तापवायचा, घाई केली तर जाड धातू आतून आणि बाहेरून सारखा फुगत नाही आणि ताण येतो. टर्बाइनचा शाफ्ट तोवर बॅरिंग गिअरवर (शाफ्ट हळू फिरवणारी छोटी मोटर) संथ फिरवत ठेवायचा, नाहीतर स्वतःच्याच वजनाने वाकतो. मग वाफ हवी तशी झाली की रोलिंग, म्हणजे वाफेवर टर्बाइन फिरवणं, मग ग्रिडला जोडणं, मग लोड चढवणं, यात अख्खी शिफ्ट जाते, कधी जास्तही. साधी गॅस टर्बाइन दहा-पंधरा मिनिटांत लोडवर. संध्याकाळी सूर्य मावळला आणि सोलर बसलं की ग्रिडला असं कोणीतरी लागतंच.

मिथेनमाणूस
वरचे आकडे बरोबर आहेत पण ते फक्त चिमणीचे. विहिरीपासून प्लांटपर्यंत जी गळती होते ती कुठे धरली? मिथेन न जळता हवेत गेला तर २० वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या ८० पट तापवतो. साधारण ३ टक्क्यांच्या वर गळती गेली की निदान त्या २० वर्षांत गॅसचा कोळशावरचा फायदा संपतो. २०१८ मध्ये अमेरिकेत मोठा अभ्यास झाला त्यात गळती निघाली उत्पादनाच्या २.३ टक्के, तिथल्या सरकारी अंदाजापेक्षा ६० टक्क्यांनी जास्त. आणि एलएनजी, म्हणजे द्रव करून जहाजाने आणलेला गॅस असेल तर उणे १६२ डिग्रीपर्यंत थंड करायला लागणारी ऊर्जा वेगळी. स्वच्छ कसला, कोळशापेक्षा बरा म्हणा फार तर.

धुरकट_चष्मा
बापरे, हे माहीतच नव्हतं. मग तर अणुवीजच बरी की!

न्यूट्रॉन_नाना
बरी आहेच, फक्त बांधायला घेऊन बघा म्हणजे कळेल. फिनलंडची ओल्किलुओटो ३ बांधायला घेतली २००५ मध्ये, २००९ ला सुरू होणार होती, नियमित वीज दिली २०२३ मध्ये. अमेरिकेत व्होग्टलच्या दोन नव्या भट्ट्यांचा अंदाज १४ अब्ज डॉलर होता, गेला ३० च्या वर. पैसे आज घालायचे आणि वीज विकणार पंधरा वर्षांनी, तोवर व्याज चढतंय. गॅसचं उलट, प्लांट स्वस्तात आणि दोन-तीन वर्षांत उभा, खर्च सगळा पुढे इंधनात, आणि तो ग्राहकाच्या बिलावर जातो. गुंतवणूकदार कशाला मरायला भट्टी बांधेल? लॉबी असेलही, पण नुसत्या व्याजाच्या गणिताने सुद्धा उत्तर हेच येतं.

किरणोत्सर्गाला घाबरणाऱ्यांसाठी: अपघात आणि प्रदूषण दोन्ही धरून एक टेरावॅट-तासामागे (म्हणजे एक अब्ज युनिट विजेमागे) मृत्यू कोळशाचे सुमारे २५, गॅसचे ३ च्या आसपास, अणुवीजेचे ०.०३, चेर्नोबिल आणि फुकुशिमा धरून.

बाष्पवीर
नाना, सहमत, पण इंधनसाठ्याचं राहिलं. कोळशाचा ढीग प्लांटच्या आवारात काही आठवडे पुरेल इतका असतो, भट्टीत इंधन एकदा भरलं की दीड-दोन वर्षं बघायला नको, गॅसचं मात्र हातावर पोट, पाइपलाइनमध्ये येईल तसं जाळायचं. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासला कडाक्याची थंडी पडली, विहिरींची तोंडं गोठली, वर ग्रिड वाचवायला ज्या भागांची वीज तोडली त्यातच गॅस पुढे ढकलणारे कॉम्प्रेसर होते, म्हणजे गॅस नाही म्हणून वीज नाही आणि वीज नाही म्हणून गॅस नाही. अणुवाल्यांनीही फार कॉलर ताठ करू नये, तिथलं एक युनिट पाण्याचा दाब मोजणारी बारीकशी नळी गोठली म्हणून ट्रिप झालं होतं.

मिथेनमाणूस
आणि २०२२ मध्ये फ्रान्सच्या भट्ट्यांमध्ये पाइपांना गंजाच्या भेगा सापडल्या, ठरलेली देखभाल धरून एकावेळी जवळजवळ अर्ध्या बंद, नेमकं रशियाचा गॅस आटला त्याच वर्षी. एकाच साच्यातल्या भट्ट्या बांधल्या की दोषही सगळीकडे तोच निघतो.

न्यूट्रॉन_नाना
ते मान्य. पण धागाकर्त्याच्या अमेरिकेच्या प्रश्नाला एक जोड देतो. थ्री माइल आयलंडचं एक नंबर युनिट (१९७९ चा अपघात झाला ते नव्हे, शेजारचं) चांगलं चालत होतं, ते २०१९ मध्ये बंद केलं कारण शेल गॅसमुळे (खडक फोडून काढलेला स्वस्त गॅस) वीज इतकी स्वस्त झाली की परवडेना. २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने २० वर्षं वीज घ्यायचा करार केला आणि आता तेच युनिट परत चालू करायची तयारी चाललीय. भट्टी तीच, फक्त गिऱ्हाईक बदललं.