परसात विटा कोणत्या पॅटर्ननं लावाव?

आर्वीवाला: भाऊ, घराच्या मांगं विहिरीपर्यंत वाट अन् बसायले थोडी जागा करायची हाय, भट्टीच्या लाल विटा हायेत, जमीन काळी कपाशीची, पावसाळ्यात फुगते अन् उन्हाळ्यात भेगा पडतात, वाटेनं मोटरसायकल पण जाईन, तं कोणता पॅटर्न टिकन?

वऱ्हाडी मिस्त्री: गाडी जात असन तं हेरिंगबोनच (माशाच्या काट्यावानी विटांची रचना) लावा, विटा एकमेकीत अडकून रायतात, चाकानं सरकत नाही. ४५ अंशात तिरपा लावला तं काठावर लय विटा कापा लागतात, काटकोनात लावला तं तुकडे कमी. पण त्याच्या आधी काळी माती खोदून काढा, मुरूम टाकून पाणी मारून धुम्मस करा (ठोकून घट्ट दाबा), वरतून रेती, थे नाही केलं तं कोणताच पॅटर्न टिकत नाही बाप्पा.

परसबागवाली: बसायच्या जागेले मले टोपलीविणच आवडते, दोन आडव्या दोन उभ्या, ९ बाय साडेचार इंची वीट असली की चौकोन बरोबर बसते. विटा पक्क्या भाजलेल्याच घ्या, एकमेकीवर वाजवून पाहा, खणखण आवाज आला पायजे.

वऱ्हाडी मिस्त्री: बरोबर ताई. अन् काठाले उभ्या विटा सिमेंटात बसवा, १० फुटाले २ इंच उतार द्या, घराकडून बाहेर.