मस्कतहून नागपूरच्या व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेत प्रवेश: शक्यता कशी अजमावावी?

प्रश्न: माझी मुलगी मस्कतच्या भारतीय शाळेत बारावीला असून जेईई मेन देणार आहे. गेल्या वर्षीच्या कोणत्या प्रवेशयादीतील शेवटचा गुणानुक्रम आम्ही ग्राह्य धरावा?

उत्तर: ‘दासा’च्या (परदेशात शिकलेल्यांसाठीच्या थेट प्रवेश योजनेच्या) यादीतील सीआयडब्ल्यूजी हा प्रवर्ग पाहावा, आखातात नोकरी करणाऱ्या भारतीयांच्या मुलांना त्यात शुल्क भारतातील विद्यार्थ्यांइतकेच पडते.

दुसरे उत्तर: एवढ्यावर थांबू नये. बारावी परदेशात उत्तीर्ण झालेल्या भारतीय नागरिकाचे राज्य ‘जोसा’च्या (आयआयटी, एनआयटी आदींच्या सामायिक प्रवेशाच्या) प्रक्रियेत पासपोर्टवरील कायमच्या पत्त्यावरून ठरते, त्यामुळे तो पत्ता महाराष्ट्रातील असल्यास व्हीएनआयटीत गृहराज्यातील विद्यार्थ्यांसाठी राखीव असलेल्या निम्म्या जागांसाठीही ती पात्र ठरेल. हे पुष्कळ पालकांच्या ध्यानातच येत नाही.

प्रश्नकर्ती: पत्ता साताऱ्याचाच आहे! दोन्ही याद्या पाहते.

पहिले उत्तरदाते: ‘दासा’ची नोंदणी मात्र स्वतंत्रपणे करावी लागते.