करवतीचा सूर लगेच विझतो. आणि चौघांनी मिळून वाजवायचं तर?

गोदाकाठ, परभणी
वाद्य म्हणून वाजवायला साधी सुतारी हातकरवत आहे, २४ इंची. गज व्हायोलिनचा. मूठ दोन्ही मांड्यांत, दाते स्वतःकडे, गज पाठीच्या कडेवर. सूर निघतो पण सेकंदभरात विझतो, आणि वर जायला लागलं की नुसती किंचाळी. दुसरं म्हणजे संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड मिळून चौघं वाजवणारे जमलेत. महिन्यातून एकदा जालन्यात बसायचा विचार आहे, सगळे एकाच रेल्वेमार्गावर येतात म्हणून. करवती मात्र चार लांबीच्या. एकत्र सुरात कसं बसायचं?

सागवान
विझतो म्हणजे पातं नुसतं कमानीसारखं वाकतंय. कमान नको, नागमोडी हवी. आधी टोक डावीकडे खाली वाकवा. मग टोकाच्या इंच-दीड इंच अलीकडे अंगठ्याने दाबा आणि बोटांनी टोक उलट वर उचला. दोन वळणांच्या मधे एक पट्टा जवळपास सरळ राहतो. थरथर तिथंच कोंडली जाते, म्हणून सूर टिकतो. साध्या कमानीत ती दोन्हीकडे पसरते. तिकडे मांड्या नि इकडे बोटं तिला गिळून टाकतात. हार्वर्डच्या संशोधकांनी २०२२ मध्ये याचं गणितही मांडलंय, पण वाजवायला तेवढं लागत नाही.

ती जागा शोधायला वाक स्थिर धरा आणि बोटाच्या पेराने पात्यावर ठोकत जा. जिथं नाद सगळ्यात लांबतो तिथंच गज. गज कडेला काटकोनात, एकच सावकाश ओढ, आणि ओढ संपताच गज उचला. टेकून ठेवला की तोच सूर मारतो.

किंचाळीचं कारणही यातच आहे. वाक वाढवला की सूर चढतो आणि ती जागा टोकाकडे सरकते. तुमचा गज जुन्या जागीच राहत असणार. उतरताना उलट, मुठीकडे. सा धरून फक्त सा-रे-सा एवढंच आठवडाभर करा, गज आपोआप त्या जागेमागे जायला लागतो.

आडवा_गज
वरचं सगळं बरोबर, पण आधी करवत तपासा. नव्या पात्यावर गंज लागू नये म्हणून तेल किंवा लॅकर असतं, त्यावर गज घसरतो. पाठीची कड स्पिरिटने पुसा. कडेला बारीक धार राहिलेली असते, ती गजाचे केस तोडते. ४०० नंबरचा पॉलिश पेपर दोनचार वेळा फिरवा, बास. मग गजाच्या केसांना पकडीसाठी राळ. व्हायोलिनवाल्यापेक्षा जरा जास्तच लागते.

२४ इंचीवर फार मागू नका. २६ इंचीवर दीड-दोन सप्तकं मिळतात, ३० इंचीवर त्याहून जास्त. घेताना दुकानातच नागमोडी वाकवून ठोका. ज्याचं पातं वाकवायला दोन हात लागतात ते ठेवून द्या. पाठीला पितळी किंवा लोखंडी पट्टी असलेली, चौकटीची, हॅकसॉ, यांतलं काहीच चालत नाही.

भर_उन्हाळा
आपल्याकडच्या हवेचं कुणी बोललं नाही. मे महिन्यात गाडीत राहिलेली राळ चिकट होते आणि केसांवर गुठळ्या धरतात. कोरड्या हवेत गजाचे केस आखडतात, पावसाळ्यात सैल पडतात. वाजवून झालं की गजाचा पेच सैल करायचाच. पावसाळ्यात पात्याला गंज चढतो, म्हणून मशीन ऑइलचा हात फिरवून ठेवा.

आडवा_गज
तेल फक्त दोन्ही सपाट बाजूंना! कडेला लागलं की पुढच्या बैठकीत पहिला अर्धा तास पुसण्यात जातो.

सागवान
आणि दाते कानशीने घासायची गरज नाही. लांबीभर एक फट कापलेला रबरी पाइप मुठीकडच्या सहा-सात इंच दात्यांवर चढवा. मधल्या भागावर काहीही चिकटवू नका. अंगठा दुखत असेल तर सागवानाचा सहा इंची तुकडा घ्या, त्याला इंचभर खोल खाच पाडा, ती टोकावर बसवून बोल्टने आवळा. टेकू लांब झाला की जोर कमी लागतो.

तानपुरा_अ‍ॅप
आता बैठकीचं. सगळ्यात छोट्या करवतीला झेपेल तो सा धरा. पेटीवर काळी एक, काळी दोन असं चाचपून ठरवा, लांब करवतवाल्याच्या सोयीने नको. तानपुरा मोबाइलवरून नको, स्पीकरवरून. पंख्याखाली तो ऐकूच येत नाही. मुठीला सूर दाखवणारा चिमट्याचा ट्यूनर लावू नका, तिथं थरथर फारशी पोचत नाही. माइकवर ऐकणारा ट्यूनर चालतो.

चौघांनी एकच चाल एकाच सुरात वाजवणं सगळ्यात अवघड. एकाचा ४४०, दुसऱ्याचा ४४३ हर्ट्झ असला की सेकंदाला तीन हेलकावे ऐकू येतात, आणि त्यात प्रत्येकजण मांडी हलवून सूर थरथरवतो! एकत्र वाजवताना ही मांडीची थरथर पूर्ण बंद. माझ्या मते एकाने चाल, दोघांनी सा आणि प, चौथा विसावा घेत ऐकणारा, असं फिरवत न्या. अभंगाची संथ चाल घ्या. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, करवतीला फुकटात मिळते, द्रुत तान मात्र मागू नका.

२००९ मध्ये न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागात ५३ जणांनी एकत्र वाजवून गिनीज विक्रम केला. चौघं म्हणजे काहीच नाही, पण जागा तरी नीट द्या. बिनहाताच्या खुर्च्या, अर्धवर्तुळ, दोघांत चार फूट. पत्र्याचं शेड टाळा, तिथं सूर किती वेळ आपला आणि किती पत्र्याचा ते कळत नाही.

गोदाकाठ, परभणी
कमान हीच चूक होती. ठोकून पाहिलं, नागमोडीत नाद चार-पाच सेकंद टिकतोय. रेल्वेत करवत कशी न्यायची?

आडवा_गज
दात्यांवर तोच फटीचा पाइप पूर्ण लांबीभर, वरून जाड पुठ्ठा, आणि टोक खाली करून सीटखाली. वरच्या फळीवर नको, गाडीच्या हिसक्याने घसरली तर खाली माणूस असतो.