लेकीचा पहिला टॅब्लेट : हातात देण्याआधी काय काय लावून ठेवू?

निळीशाई

मुलगी नऊ वर्षांची आहे. तिच्या आत्याने वाढदिवसाला टॅब्लेट दिलाय. ॲन्ड्रॉइड, सिम नसलेला, फक्त वायफायवर चालणारा. खोका माझ्या कपाटात वरच्या फळीवर ठेवलाय आणि ती शाळेतून आली की रोज एकदा तरी तिकडे बघते. येत्या रविवारी उघडू असं तिला कबूल केलंय, त्यामुळे माझ्याकडे चारच दिवस आहेत.

माझी धास्ती कुठून आली ते आधी सांगते. गेल्या वर्षी ती माझ्या फोनवर कोड्यांचा एक खेळ खेळायची. मी शेजारीच कपड्यांच्या घड्या घालत होते. ती एकदम गप्प झाली म्हणून बघितलं, तर फोन पालथा ठेवलेला. दोन डावांच्या मध्ये एक जाहिरात लागली होती, त्यात रक्ताने माखलेला माणूस. त्या रात्री ती आमच्या खोलीत झोपायला आली आणि पुढचे आठ दिवस येत राहिली. खेळावर ‘सर्वांसाठी’ असं लिहिलेलं होतं, मी वाचूनच दिला होता. तेव्हापासून माझ्या स्वतःच्या तपासणीवरच माझा भरवसा उरलेला नाही.

टॅब्लेट माझ्याच गुगल खात्यावर सुरू करावा की तिचं वेगळं खातं काढावं? नवरा म्हणतो तुझंच टाक, कटकट नको. रोजचा एक तास ठरवलाय, पण ती चित्रं फार काढते. तो वेळही त्याच तासात धरायचा का? यूट्यूब मुळातच ठेवू नये असं मला वाटतं, पण शाळेतल्या बाई कधीकधी त्यावरचे व्हिडिओ बघायला सांगतात. आणि हे सगळं तिच्यासमोर लावू की आधीच गुपचूप लावून मग देऊ?

उंबरठा

ताई, तिचं वेगळं खातं काढा. बाकी सगळं त्यावर उभं आहे. तुमच्या खात्यावर टॅब्लेट चालला तर गुगलच्या दृष्टीने तो मोठ्या माणसाच्याच हातात आहे. तुमची मेल, तुमचे फोटो, तुमचं कार्ड, सगळं तिच्या बोटापाशी येतं आणि तिने बघितलेली कार्टून तुमच्या फोनवर येत राहतात. फॅमिली लिंक नावाचं गुगलचं ॲप तुमच्या फोनवर घ्या आणि त्यातून मुलांचं खातं उघडा. जन्मतारीख खरी टाका. आम्ही मुलाच्या वेळी घाईत वय वाढवून टाकलं होतं, आणि मग लहान मुलांसाठी जे आपोआप लागतं त्यातलं काहीच लागलं नाही.

तुमच्या जाहिरातीच्या प्रसंगाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तिथे तुमची चूक नव्हती. ‘सर्वांसाठी’ हे मानांकन खेळाच्या आतल्या मजकुराचं असतं. तो खेळ मुलांसाठी बनवलाय असा त्याचा अर्थ नाही. मधे येणारी जाहिरात दुसरीकडून येते. मुलांच्या खात्यावर गुगल आवडीनिवडी हेरून जाहिराती दाखवत नाही, पण ॲपमधली जाहिरात बंद करायचं बटण फॅमिली लिंकमध्येही नाही. म्हणून प्ले स्टोअरमध्ये ॲपच्या नावाखाली बारीक अक्षरात ‘जाहिराती आहेत’ असं लिहिलंय का ते बघा. असलं तर आम्ही ते ॲप घेतच नाही. त्यापेक्षा एकदाच पैसे देऊन जाहिरात नसलेला खेळ घेतलेला परवडतो. आणि इंटरनेट न लागणारा खेळ असेल तर खेळताना वायफाय बंद ठेवा, नवी जाहिरात येणार कुठून?

फॅमिली लिंकमधल्या खरेदीच्या परवानगीत ‘सर्व मजकूर’ हा पर्याय निवडा, म्हणजे फुकटचं ॲप घ्यायलाही तुमच्या फोनवर विचारणा येईल. एक लक्षात असू द्या, ही परवानगी गुगल प्लेमधून होणाऱ्या खरेदीलाच लागू असते.

चित्रांचं ॲप ‘नेहमी परवानगी’मध्ये टाका, मग ते रोजच्या तासात मोजलं जात नाही. शब्दकोशही तिथेच टाका. माझ्या मते चित्र काढणं आणि व्हिडिओ बघणं एकाच घड्याळाने मोजणं हा मुलांवर अन्याय आहे.

पाऊलवाट

मी वेगळं बोलते, राग मानू नका. एवढी कुलपं लावलीत तर मूल कुलूप उघडायलाच शिकेल. आमच्याकडे काहीच लावलेलं नाही. टॅब्लेट बैठकीच्या खोलीत राहतो, पडदा सगळ्यांना दिसतो, कानात हेडफोन नाहीत. तीन वर्षांत अडचण आली नाही.

उंबरठा

पाऊलवाट, बैठकीची खोली आणि हेडफोन नाहीत हे शंभर टक्के मान्य, आम्हीही तेच करतो. पण निळीशाईंची लेक आईच्या शेजारीच बसली होती आणि तरीही जाहिरात लागली. कुलूप मुलावर अविश्वास म्हणून नसतं, बाहेरून काय आत येईल त्याच्यासाठी असतं.

चांदणवेल

यूट्यूबबद्दल सांगते, कारण आमच्या घरी यावरच सगळ्यात जास्त भांडणं झाली.

यूट्यूब किड्स हे वेगळं ॲप आहे. त्यात वयाप्रमाणे भाग आहेत, तुमच्या मुलीसाठी नऊ ते बाराचा. पण तिथेही मशीनच निवडतं आणि कधीकधी चुकतं. त्यातच ‘फक्त मंजूर केलेला मजकूर’ असा पर्याय आहे. तो लावला की तुम्ही निवडलेले व्हिडिओ आणि चॅनेलच दिसतात आणि शोधण्याची सोय बंद होते. आम्ही एका संध्याकाळी बसून चौदा चॅनेल निवडले. आधी लेकाची कुरकुर झाली. मग तोच यादी करून आणायला लागला, ‘आई, हा घालशील?’ म्हणून. ती यादी घेऊन आम्ही दोघं शेजारी बसून बघायचो, आणि तो काय बघू इच्छितो हे मला पहिल्यांदाच नीट कळलं.

शाळेचे व्हिडिओ किड्समध्ये सापडले नाहीत तर साध्या यूट्यूबवर देखरेखीतलं खातं करता येतं. त्याच्या तीन पातळ्या आहेत, त्यातली पहिली नऊ वर्षांपासूनच्या मुलांसाठी आहे. त्या पातळीवर व्हिडिओखालचे शेरे दिसत नाहीत. आम्ही मात्र शाळेचा व्हिडिओ माझ्या फोनवरच लावून देतो.

अर्धाकप

थोडक्यात, कुणाकडे आयपॅड असेल तर त्यांच्यासाठी. स्क्रीन टाइममध्ये (आयपॅडच्या सेटिंगमधली वापराच्या वेळेवर नियंत्रणाची सोय) वेळेची मर्यादा लावताना ‘मर्यादा संपल्यावर ब्लॉक करा’ हे बटण चालू केलंय ना ते तपासा. ते बंद असेल तर वेळ संपल्यावर मूल ‘दुर्लक्ष करा’ दाबून पुढे जातं. आमच्याकडे दोन महिने असंच चाललं होतं आणि मर्यादा लावलीय म्हणून आम्ही निर्धास्त होतो. शिवाय ‘आस्क टू बाय’ (ॲप घेण्याआधी पालकांची परवानगी मागणारी सोय) चालू असलं तरी एकदा घेऊन काढून टाकलेलं ॲप पुन्हा घेताना परवानगी मागितली जात नाही.

उंबरठा

निळीशाई ताई, शेवटचा प्रश्न राहिला होता. तिच्यासमोर की गुपचूप. तो मी मुद्दाम मागे ठेवला, कारण लिहायला जड जातं.

मुलगा दहा वर्षांचा असताना आम्ही सगळं गुपचूप लावलं आणि वर एकच नियम सांगितला : नको ते काही दिसलं तर टॅब्लेट काढून घेऊ. आम्हाला तो कडक आणि स्वच्छ नियम वाटला होता. त्याच्या एका खेळात खेळणाऱ्यांना आपापसात गप्पा मारता यायच्या. फॅमिली लिंकला ॲपच्या आतल्या गप्पा दिसत नाहीत, ते मला माहीत नव्हतं. तिथे कुणीतरी त्याच्याशी दोस्ती केली, मग शाळा कुठली ते विचारलं, मग फोटो मागितला. मुलाने फोटो दिला नाही. पण हे त्याने आम्हाला तीन आठवडे सांगितलं नाही. जेवत नव्हता, पोट दुखतं म्हणायचा, आम्ही डॉक्टरकडे नेलं. शेवटी रात्री आईच्या कुशीत रडत म्हणाला, ‘सांगितलं असतं तर तुम्ही टॅब्लेट घेतला असता.’

मी त्या वाक्याला आजही उत्तर देऊ शकलेलो नाही. तो आता पंधरा वर्षांचा आहे.

म्हणून शेजारी बसवून लावा. प्रत्येक बटण कशासाठी आहे ते सांगा. आणि वाईट काही दिसलं, कुणी काही विचारलं, तर सांगितल्याबद्दल टॅब्लेट कधीही जाणार नाही, हे तुम्ही दोघांनीही तिच्या तोंडावर म्हणा. आणि जो खेळ घ्याल त्याच्या आत जाऊन गप्पांची सोय बंद करा. ते बाहेरून होत नाही.

निळीशाई

सगळ्यांचे आभार. उंबरठा दादा, तुम्ही ते लिहिलंत त्याबद्दल विशेष. मी ते नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. त्यानंतर ‘तुझंच खातं टाक’ हा विषय निघालाच नाही.

रविवारी सकाळी तिघं जमिनीवर बसलो. खोका तिने उघडला. खातं, खरी जन्मतारीख, परवानग्या, एक तास, रात्री साडेआठनंतर बंद. प्रत्येक वेळी ती ‘का?’ विचारत होती आणि आम्ही सांगत होतो. जिथे आम्हाला कारण सांगता आलं नाही ते एक बटण आम्ही सोडून दिलं. ब्राउझरमध्ये आम्ही मंजूर केलेल्याच साइट उघडतील असं ठेवलंय, सध्या अकरा आहेत. चांदणवेल, यूट्यूब किड्स तुमच्यासारखंच केलं, आमचे नऊच चॅनेल झालेत.

पळवाट तिनेच शोधली! तिच्या कोड्यांच्या ॲपमध्ये ‘मदत’ दाबलं, तिथून गोपनीयता धोरण, तिथून कुठल्याशा कंपनीचं पान, आणि त्या पानावर शोधायची चौकट. हे सगळं ॲपच्या आतच उघडलं, ब्राउझरचे नियम तिथे लागलेच नाहीत. ‘आई, हे बघ, इथून कुठेही जाता येतं’ म्हणून धावत आली. धावत आली याचाच मला इतका आनंद झाला की पुढचं काही क्षण सुचलंच नाही. यावर काही करता येईल का?

उंबरठा

शाबास तिची. हो, करता येईल. राउटरवर डीएनएस बदला. कुठल्याही साइटचं नाव टाकलं की तिचा पत्ता आधी डीएनएसकडे विचारला जातो, मग मागणी ब्राउझरमधून येवो की ॲपच्या आतून. क्लाउडफ्लेअरने २०२० पासून घरांसाठी फुकट गाळणी ठेवली आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी १.१.१.३ आणि दुसऱ्या रकान्यात १.०.०.३ टाका. प्रौढांच्या साइट आणि व्हायरस पसरवणाऱ्या साइटचा पत्ताच मिळणार नाही. तुमच्या टॅब्लेटला सिम नाही, म्हणजे घरात असेपर्यंत तो राउटरमधूनच जाणार. राउटरचा मूळ पासवर्डही बदला, बहुतेक घरांत तो डब्याच्या खालच्या चिठ्ठीवर छापलेलाच असतो.

दोन उणिवा आहेत. डीएनएस साइटचं नाव बघतो, आतलं चित्र बघत नाही, त्यामुळे चांगल्या साइटवरचा एखादा वाईट व्हिडिओ तो अडवणार नाही. आणि टॅब्लेट दुसऱ्याच्या वायफायवर गेला की ही गाळणी तिथे नसते.

निळीशाई

केलं. दोन्ही रकाने भरले, राउटर बंद करून चालू केला, तिने पुन्हा ‘मदत’मधून जाऊन बघितलं. शोधायची चौकट अजून उघडते, पण मी मुद्दाम एका नको त्या साइटचं नाव टाकून पाहिलं (ती तेव्हा पाणी आणायला गेली होती), ती उघडली नाही. ते कोड्यांचं ॲप तिने स्वतःच काढून टाकूया म्हटलं. त्यावर जाहिरातीही होत्या.

टॅब्लेट रात्री आमच्या खोलीबाहेरच्या टेबलावर चार्जिंगला असतो. पहिल्या दिवशी तिने विचारलं, तुमचे फोन कुठे असतात? कालपासून तेही तिथेच असतात. आत्याला पाठवायला तिने त्या टेबलाचंच चित्र काढलंय, तीन वायरींसकट.