कोडी सोडवून पटावरचा खेळ सुधारतो का?

हापूसपेटी (रत्नागिरी)
माझं मत आधीच सांगतो, म्हणजे शिव्या घालायला सोपं. रोज ढीगभर कोडी सोडवून पोरं कोडी सोडवायला शिकतात, बुद्धिबळ नाही. मुलगा १३ वर्षांचा. पावसात लाइट गेली की मोबाइल घेऊन पडवीत, दिवसाला ५०-६० कोडी. लायचेस या बुद्धिबळाच्या साइटवर कोड्यांचं रेटिंग २१००. आणि चिपळूणच्या स्पर्धेत काय केलंन? उंटाने एच ७ चं, समोरच्या राजाशेजारच्या घरातलं, प्यादं खाऊन शह. राजाने उंट मारला, घोडा जी ५ वर शह, राजा परत जी ८, वजीर एच ५. आता एच ७ वर मात, असं याच्या डोक्यात. समोरच्या मुलीने डी ७ चा घोडा शांतपणे एफ ६ वर आणला. एच ७ राखलं, वर वजिरावर मारा. याचं प्यादं ई ५ वर असतं तर त्या घोड्याची तिथे यायची टाप नव्हती. ते नव्हतंच. उंटही गेला, डावही. म्हणतो, "बाबा, सेम कोडं होतं!"

अडीचघर (मालवण)
दादा, सेम नव्हतं ना, तिथेच तर घोळ! कोड्याचा काय दोष? समोरच्याची सगळ्यात चिवट चाल शोधल्याशिवाय मोबाइलला बोट लावायचं नाही. ५०-६० म्हणजे बोटांचा व्यायाम. पण नमुने डोक्यात बसायलाच हवेत. चेस आणि सायमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये दाखवलं होतं : डावातली स्थिती ५ सेकंद दाखवली तर मास्टर नवशिक्यापेक्षा कितीतरी जास्त सोंगट्या बरोबर मांडतो. त्याच सोंगट्या वाटेल तशा टाकल्या की ती आघाडी जवळजवळ संपते. (हो, त्यातल्या एकाचं आडनाव खरंच चेस.)

हापूसपेटी
नमुने मान्य. पण कोडं उघडलं की अर्धं उत्तर हातात आलेलंच असतं : इथे काहीतरी आहे. डावात २३ व्या चालीला कानात कोण सांगणार? आणि दहापैकी नऊ वेळा तिथे काहीच नसतं, हत्ती मोकळ्या पट्टीवर आणून गप्प बसायचं असतं.

सावंतवाडीचे सर
तुम्ही दोघेही हल्ल्यातच अडकलात. माझ्याकडची मुलं अर्धे गुण हरवतात ते हत्तीच्या अंतिम डावात, म्हणजे पटावर राजे, हत्ती आणि थोडी प्यादी उरतात तेव्हा. एक प्यादं कमी, पण आपला राजा त्या प्याद्यासमोर. हत्ती आपल्याकडून तिसऱ्या ओळीवर धरून ठेवायचा, म्हणजे त्यांचा राजा पुढे सरकत नाही. प्यादं त्या ओळीवर आलं की हत्ती पार टोकाला नेऊन मागून शह देत राहायचे. बरोबरी. फ्रेंच बुद्धिबळपटू फिलिदोरने हे अठराव्या शतकात सांगून ठेवलंय. मुलांना विचारा, तोंडाकडे बघतात.

अडीचघर
सर, हत्तीचे अंतिम डाव आणि बचावाच्या चाली, दोन्ही विषय लायचेसवर वेगळे निवडता येतात, तेही फुकट. कोणी निवडत नाही, कारण ३ मिनिटांच्या स्टॉर्ममध्ये, म्हणजे घड्याळ लावून कोडी सोडवण्याच्या शर्यतीत, धडाधड मात करायला मजा येते. मीही तेच करतो, खोटं कशाला बोलू.

गजालीकार (वेंगुर्ला)
माका इतक्याच सांगा, पोरग्याक घड्याळ बघूक कोण शिकवतलो? आमचो नातू कोड्यात वाघ आणि डावात २ मिनिटां उरली की मांजर.

सावंतवाडीचे सर
आजोबा, त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो. हापूसपेटी, त्या मुलीला विचारलंत का, ती कशी तयारी करते?

हापूसपेटी
तिच्या वडिलांना विचारलं. कोडीच सोडवते.

अडीचघर
😂😂 मग झालं तर!

हापूसपेटी
थांब जरा. दिवसाला ६. लाकडी पटावर मांडून, सोंगटीला हात न लावता, आणि उत्तर पूर्ण वहीत लिहून झाल्याशिवाय ताडून बघायचं नाही. मी आज पोराला वही आणलीय. पहिल्या कोड्याला २० मिनिटं लागली, आणि चुकलंन.